विश्लेषण : इजिप्तच्या देवांच्या नावांत खरेच ‘नंबर’ दडले होते का? चित्रलिपी वाचणाऱ्या शांपोलियनच्या आयुष्यात सापडते उत्तर

मोबाइल नंबरची बेरीज, गाडीच्या नंबरची बेरीज, नावाच्या स्पेलिंगमध्ये एक जादा अक्षर घालून ‘लकी’ अंक जुळवणे हे आपल्याकडे नवीन नाही. त्याच धर्तीवर ओसिरिस, आयसिस, रा या प्राचीन इजिप्तच्या देवांच्या नावांची बेरीज करून त्यात पिरॅमिडचे, वर्षाच्या दिवसांचे किंवा जगाच्या अंताचे रहस्य शोधणारे रील आणि फॉरवर्डही फिरत असतात.

यातला एक भाग खरा आहे. इजिप्तमध्ये एके काळी देवांच्या नावांची बेरीज केली जात होती. प्रश्न आहे तो ‘कधी’ आणि ‘कुठल्या लिपीत’ हा. याचे उत्तर ज्याच्यामुळे देता येते त्या माणसाचे नाव ज्याँ-फ्रान्स्वा शांपोलियन. चौदाशे वर्षे कुणालाही न वाचता आलेली इजिप्तची चित्रलिपी त्याने वाचली, आणि तीही देवांच्या नावांच्या आधाराने. वयाच्या ४१ व्या वर्षी तो गेला.

कोण होता शांपोलियन?

२३ डिसेंबर १७९० रोजी दक्षिण फ्रान्समधील फिजाक या छोट्या गावात त्याचा जन्म झाला. वडील पुस्तकविक्रेते होते. त्याला घडवले मात्र बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या भावाने, जाक-जोसेफने. १८०१ मध्ये भावाने त्याला ग्रनोबल शहरात आपल्याकडे आणले. शिक्षण, पुस्तके आणि पुढे नोकरी गेल्यावर पोटापाण्याची सोय, हे सगळे भावानेच पाहिले.

गणितात या मुलाला फारसा रस नव्हता, भाषा मात्र भराभर यायच्या. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, अरबी, सिरियाक असा त्याचा प्रवास शाळेतच सुरू झाला. त्याच वेळी ग्रनोबलचा प्रशासक होता जोसेफ फूरिए, म्हणजे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात ज्याच्या ‘फूरिए सिरीज’ने अनेकांची झोप उडवली तोच. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत गेलेल्या विद्वानांमध्ये तो होता. मोठा भाऊ त्याच्या संपर्कात आला आणि इजिप्तचे वेड घरात शिरले. पुढे धाकट्या शांपोलियनला सक्तीच्या सैन्यभरतीतून सूट मिळवून देण्यातही फूरिएची मदत झाली.

१ सप्टेंबर १८०७ रोजी, १७ वर्षेही पूर्ण झालेली नसताना, त्याने ग्रनोबलच्या विद्वत्सभेत इजिप्तमधील गावांच्या कॉप्टिक नावांवर निबंध वाचला. कॉप्टिक ही इजिप्तच्या ख्रिस्ती समाजाची भाषा. ती लिहिली जाते ग्रीकवरून घेतलेल्या अक्षरांत, पण भाषा म्हणून ती फेरोंच्या काळातील इजिप्शियनचीच शेवटची पिढी आहे. शांपोलियनने हे ओळखले आणि पॅरिसला जाऊन दोन वर्षे कॉप्टिक इतकी घोटली की मनातले विचारही त्याच भाषेत येऊ लागले. त्याच्या यशाचे खरे भांडवल हे होते.

नावांची बेरीज ही कल्पना आली कुठून?

ग्रीकांकडे अंकांसाठी वेगळी चिन्हे रूढ नव्हती, अक्षरेच अंक म्हणून वापरली जात. अल्फा म्हणजे १, बीटा म्हणजे २, आयोटा म्हणजे १०, ऱ्हो म्हणजे १००. त्यामुळे प्रत्येक शब्द हा आपोआप एक आकडाही होता. शब्दांची अशी बेरीज करून समान बेरजेच्या शब्दांची सांगड घालण्याला ‘आयसोप्सेफी’ म्हणतात. पॉम्पेईच्या एका भिंतीवर तर एका प्रेमवीराने प्रेयसीचे नाव न लिहिता त्या नावाची बेरीज, ५४५, एवढीच लिहून ठेवली आहे.

अरबीतील ‘अब्जद’ पद्धतही अशीच. ‘दीवार’मधल्या बिल्ल्यामुळे घराघरांत पोहोचलेला ७८६ हा आकडा बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज आहे. ग्रीक आणि अरबी या दोन्ही लिपींचे मूळ फिनिशियन लिपीपर्यंत जाते, त्यामुळे अक्षरांचा क्रम आणि त्यांचे अंक यांत बरेच साम्य दिसते.

अलेक्झांडरने इ.स.पू. ३३२ मध्ये इजिप्त घेतला आणि ग्रीक ही तिथल्या राज्यकारभाराची भाषा झाली. त्यानंतर हा खेळ इजिप्तच्या देवांपर्यंत पोहोचला. नाईल नदीचे ग्रीक नाव ‘नेइलोस’ घ्या. न्यू ५०, एप्सिलॉन ५, आयोटा १०, लॅम्डा ३०, ओमिक्रॉन ७० आणि सिग्मा २००. बेरीज ३६५, म्हणजे वर्षाचे दिवस. कोंबड्याचे डोके आणि पायांच्या जागी साप असलेल्या ‘अब्रासाक्स’ या गूढ शक्तीच्या नावाची बेरीजही ३६५ येते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात शिकवणाऱ्या बॅसिलिडीसच्या पंथाशी हे नाव जोडले जाते, आणि त्याची आकृती कोरलेले ताईत-खडे आज अनेक संग्रहालयांत आहेत.

‘बाइनखोओओख’ हे आणखी एक नाव. ग्रीक लिपीतील जादूच्या पपायरसांत आणि ताइतांवर ते आढळते. मूळ शब्द इजिप्शियन आहेत आणि अर्थ साधारण ‘अंधाराचा आत्मा’. ग्रीक अक्षरांत लिहिल्यावर त्याची बेरीज ३६६३ येते, म्हणजे उलट-सुलट वाचले तरी तोच आकडा. मंत्र म्हणून ते का आवडले असेल, हे वेगळे सांगायला नको.

थोडक्यात, बेरीज खरी आहे, पण ती ग्रीक अक्षरांची आहे आणि गिझाचे पिरॅमिड बांधल्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरची आहे.

मग मूळ लिपीचे काय झाले?

चित्रलिपीतील तारीख असलेला शेवटचा ज्ञात लेख २४ ऑगस्ट ३९४ रोजीचा, फिले बेटावरील मंदिरातला. त्यानंतर ती वाचणारे उरले नाहीत. जी लिपी वाचता येत नाही, तिच्याबद्दल वाटेल ते सांगता येते. प्रत्येक चित्र म्हणजे एक गूढ कल्पना, असा समज युरोपात पक्का झाला.

याचे ठळक उदाहरण म्हणजे सतराव्या शतकातील जर्मन जेझुइट विद्वान अथानासिअस किर्शर. माणूस प्रचंड अभ्यासू. त्याच्या कॉप्टिकवरील ग्रंथांचा पुढे शांपोलियनलाही उपयोग झाला. पण रोममधील एका ओबेलिस्कवर एप्रिस या राजाचे नाव कोरलेले होते, त्या एका नावातून किर्शरने ओसिरिस देवाची कृपा, पवित्र विधी आणि नाईलचे वरदान यांचे अख्खे वाक्य काढले. तिथे फक्त नाव होते.

रोझेटा शिलेवरची मोजणी

जुलै १७९९ मध्ये नेपोलियनच्या सैन्यातील बुशार या इंजिनीअर अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली रशीद गावाजवळील किल्ल्याचे काम चालू असताना एक काळी शिळा सापडली. हीच ती रोझेटा शिला. इ.स.पू. १९६ मधील पाचव्या टॉलेमीच्या काळातला एकच फर्मानवजा मजकूर चित्रलिपी, डेमोटिक ही जलद लिपी आणि ग्रीक अशा तीन लिपींत त्यावर कोरलेला आहे. फ्रेंचांचा पराभव झाला आणि १८०२ पासून ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

इंग्लंडमध्ये त्यावर काम करत होता थॉमस यंग. हा ‘यंग्ज मॉड्युलस’वालाच. अंडाकृती चौकटीत, म्हणजे कार्टूशमध्ये, राजाचे नाव असते हे धरून त्याने टॉलेमीच्या नावातील काही चिन्हांचे उच्चार बरोबर ओळखले. पण उच्चारांसाठी चिन्हे वापरणे ही फक्त परदेशी नावांपुरती सोय असावी, असे त्याचे मत होते. शांपोलियनही १८२१ पर्यंत चित्रलिपी उच्चार दाखवत नाही, असेच मानत होता.

हे मत बदलण्यात एका साध्या मोजणीचा वाटा होता. शांपोलियनने शिळेवरच्या उरलेल्या मजकुराची तुलना केली. ४८६ ग्रीक शब्दांसमोर चित्रलिपीची १,४१९ चिन्हे येत होती. एक चिन्ह म्हणजे एक कल्पना असती, तर चिन्हे शब्दांच्या जवळपास असायला हवी होती. इतकी जास्त चिन्हे लागतात, याचा अर्थ त्यातली बरीच चिन्हे शब्दांचे तुकडे, म्हणजे उच्चार, दाखवत असली पाहिजेत. नावातून गूढ आकडा काढण्याऐवजी त्याने खुणा मोजल्या आणि हिशेब जुळतो का ते पाहिले. आजच्या भाषेत याला डेटा तपासणे म्हणतात.

‘रा’ आणि ‘थोथ’ यांनी दार कसे उघडले?

१८२२ च्या सुरुवातीला फिले येथील एका ओबेलिस्कवरील क्लिओपात्राच्या नावाची प्रत त्याच्या हाती आली. टॉलेमी आणि क्लिओपात्रा या दोन्ही नावांत प, ओ, ल हे समान उच्चार आहेत. ते अपेक्षित जागी सापडले. पण ही दोन्ही नावे ग्रीक. अस्सल इजिप्शियन नावे तशीच वाचता येतात का, हा खरा प्रश्न होता.

१४ सप्टेंबर १८२२ रोजी वास्तुविशारद ह्युयो याने इजिप्तमधील मंदिरांवरून उतरवलेली चित्रे शांपोलियनसमोर होती. एका कार्टूशमध्ये आधी सूर्याची गोल चकती, मग एक अनोळखी चिन्ह, मग दोनदा ‘स’. कॉप्टिकमध्ये सूर्याला ‘रे’ म्हणतात आणि इजिप्तचा सूर्यदेव रा. मधले चिन्ह रोझेटा शिलेवर ग्रीकमधील ‘जन्मदिवस’ या शब्दासमोर येते आणि कॉप्टिकमध्ये जन्म देण्याला ‘मिसे’ म्हणतात. जोडून वाचले, रा-मेस-स-स. रामसेस!

दुसऱ्या कार्टूशमध्ये आयबिस पक्षी होता. हा थोथ देवाचा पक्षी. पुढे तेच ‘मस’ आणि ‘स’. थोथ-मस, म्हणजे थुतमोस. दोन देव, दोन राजे आणि दोघेही ग्रीकांच्या कित्येक शतके आधीचे. उच्चारांची लिपी ग्रीकांसाठी केलेली सोय नव्हती, ती आधीपासूनच होती. चित्र कधी अर्थ सांगत होते, कधी उच्चार, आणि अनेकदा एकाच शब्दात दोन्ही.

तो धावत भावाच्या कचेरीत गेला, सापडले एवढेच ओरडून बेशुद्ध पडला, अशी आठवण त्याच्या घराण्यात सांगितली गेली. नोंदलेली तारीख आहे २७ सप्टेंबर १८२२. त्या दिवशी पॅरिसच्या अकादमीत त्याने सचिव दासिए यांना उद्देशून लिहिलेला प्रबंध वाचला. श्रोत्यांत थॉमस यंगही होता. पूर्ण पद्धत मात्र १८२४ च्या ग्रंथात आली, आणि श्रेय कुणाचे हा वाद दोन्ही देशांत पुढे बराच काळ चालला.

राशिचक्राचा वाद : अंक हरले की नाव?

याच काळात पॅरिसमध्ये आणखी एक वाद पेटला होता. डेंडेरा येथील मंदिराच्या छतावरचे दगडी राशिचक्र १८२१ मध्ये कापून काढण्यात आले आणि पुढच्या वर्षी पॅरिसला पोहोचले. ताऱ्यांच्या मांडणीवरून गणित करून काहींनी अशा राशिचक्रांचे वय पंधरा हजार वर्षांपर्यंत नेले होते. तसे असेल तर बायबलमधील जगाची कालगणनाच कोसळत होती, त्यामुळे प्रकरण थेट धर्मापर्यंत गेले. या हिशेबांमध्ये फूरिएही होता. भौतिकशास्त्रज्ञ बियो याने इ.स.पू. ७१६ असे वर्ष काढले.

शांपोलियनने गणित केलेच नाही. छापील चित्रात राशिचक्राशेजारच्या कार्टूशमध्ये त्याने ‘ऑटोक्रेटर’ हे वाचले. ही रोमन सम्राटांची पदवी. म्हणजे बांधकाम रोमन काळातले. वाद मिटल्यासारखा झाला.

पण गोष्टीत एक पेच आहे. नोव्हेंबर १८२८ मध्ये तो स्वतः डेंडेराला पोहोचला, तेव्हा तिथले कार्टूश रिकामे होते. चित्रकाराने कागदावर अक्षरे भरली होती, दगडावर नव्हती. आजचे अभ्यासक हे राशिचक्र इ.स.पू. ५० च्या आसपासचे मानतात. म्हणजे पुरावा कच्चा निघाला, पण ग्रीक-रोमन काळ हा निष्कर्ष टिकला, कारण मंदिरातले इतर लेखही तेच सांगत होते.

देवांसमोर लिहिलेले खरे आकडे

देवांची नावे आणि आकडे शेजारी-शेजारी असलेला एक अस्सल दस्तावेजही शांपोलियनच्याच हाताखालून गेला. १८२४ मध्ये इटलीतील ट्युरिन येथे नव्याने आलेला इजिप्शियन संग्रह तपासताना पपायरसच्या चुऱ्यात त्याला राजांच्या यादीचे तुकडे सापडले. ही ‘ट्युरिन राजावली’ रामसेस दुसरा याच्या काळातली मानली जाते. यादी सुरू होते ती देवांपासून. गेब, ओसिरिस, सेथ, होरस, थोथ हे जणू पृथ्वीवर राज्य केलेले पहिले राजे, आणि त्यांच्यापुढे राज्याच्या वर्षांचे आकडे. ती नावांची किंमत नव्हे, कारकिर्दीची नोंद आहे.

मग प्राचीन इजिप्शियनांना अंकांचे आकर्षण नव्हते का?

होते, पण वेगळ्या प्रकारचे. त्यांच्याकडे अंकांसाठी स्वतंत्र चिन्हे होती. उभी रेघ म्हणजे १, दोरीचे वेटोळे १००, कमळ १,०००, बोट १०,०००, बेडकाचे पिल्लू १,००,०००. आणि दहा लाखांसाठी हात उंचावलेला ‘हेह’ हा देव. म्हणजे देवाच्या नावाचा अंक नव्हे, तर देवच अंक!

थोथच्या नगरीचे नाव होते ‘खमून’, अर्थ आठ. सृष्टीपूर्वीच्या आठ देवांवरून हे नाव पडले. कॉप्टिकमध्ये ते ‘श्मून’ झाले आणि आजच्या अल-अश्मुनैन या गावाच्या नावात अजून टिकून आहे. शांपोलियनने सोळाव्या वर्षी गावांच्या कॉप्टिक नावांचा अभ्यास का हाती घेतला, हे अशा उदाहरणातून कळते.

नेदरलँड्समधील लायडन येथे अमून देवाच्या स्तोत्रांचा एक पपायरस आहे. त्यातील अध्यायांना क्रमांक आहेत आणि प्रत्येक क्रमांकाच्या शब्दावर अध्यायात कोटी केलेली आहे. इजिप्शियनमध्ये ‘नऊ’ आणि ‘प्रकाशणे’ या शब्दांची व्यंजने सारखी, अशा साम्याचा खेळ. हा उच्चारांचा खेळ आहे, अक्षरांच्या बेरजेचा नाही.

बेरीज शक्यही नव्हती. चित्रलिपीतील उच्चारचिन्हांना ग्रीकसारखे ठरलेले अंक नव्हते आणि तीत स्वर लिहिले जात नव्हते. ओसिरिसचेच पाहा. ग्रीक अक्षरांनी बेरीज ५९० येते. त्यातले २०० शेवटच्या सिग्माचे, आणि तो ‘स’ ग्रीक व्याकरणाने जोडलेला. मूळ इजिप्शियन नावात तो नाही. आयसिसच्या ४२० पैकीही २०० असेच ग्रीकांचे. इंग्रजी स्पेलिंगची बेरीज तर त्याहून दोन पावले लांब.

अपुरे राहिलेले आयुष्य

शांपोलियनची वाट सरळ नव्हती. १८ व्या वर्षी तो ग्रनोबलला इतिहास शिकवू लागला, पण १८१५ मध्ये एल्बाहून परतलेल्या नेपोलियनची बाजू घेतल्याने राजसत्ता परत येताच दोन्ही भावांच्या नोकऱ्या गेल्या आणि १८१६ मध्ये त्यांना फिजाकला हद्दपार व्हावे लागले. १८१८ मध्ये रोझीन ब्लाँशी लग्न झाले, १८२४ मध्ये झोराईद ही मुलगी झाली. १८२६ मध्ये तो लूव्र संग्रहालयाच्या इजिप्शियन विभागाचा प्रमुख झाला.

ज्या देशासाठी आयुष्य वेचले, तो त्याने पाहिला वयाच्या ३७ व्या वर्षी. ऑगस्ट १८२८ मध्ये तो इटालियन सहकारी रोझेलिनीसह अलेक्झांड्रियात उतरला आणि नाईलच्या काठाने पार वादी हाल्फापर्यंत गेला. १८२९ च्या पहिल्या दिवशी तिथूनच दासिए यांना पत्र लिहून त्याने कळवले की प्रत्यक्ष लेखांसमोर त्याच्या वर्णमालेत काही बदलावे लागलेले नाही.

१८३१ मध्ये कोलेज द फ्रान्समध्ये खास त्याच्यासाठी अध्यासन निर्माण झाले. तब्येत मात्र साथ देत नव्हती. ४ मार्च १८३२ रोजी पक्षाघाताने त्याचा मृत्यू झाला. व्याकरणाचे आणि कोशाचे हस्तलिखित मागे राहिले. ज्या भावाने त्याला वाढवले, त्यानेच ते पुढच्या दहा-अकरा वर्षांत छापून आणले.

शंका घेणारे तेव्हाही होते. १८३७ मध्ये जर्मनीच्या लेप्सियसने पद्धत तपासून तिच्यातल्या उणिवा दूर केल्या. १८६६ मध्ये टॅनिस येथे ‘कॅनोपसचे फर्मान’ हा दुसरा बहुलिपी लेख सापडला. चित्रलिपीतला मजकूर शांपोलियनच्या पद्धतीने वाचून ग्रीकशी ताडून पाहिला, तेव्हा तो जुळला.

पुढच्या वेळी इजिप्तच्या एखाद्या देवाच्या नावाचा गूढ आकडा सांगणारा मेसेज आला, तर एकच गोष्ट तपासा. बेरीज कुठल्या लिपीतल्या नावाची केली आहे? ग्रीक असेल, तर तो दोन हजार वर्षांपूर्वीचा खरा खेळ असू शकतो. इंग्रजी असेल, तर तो आकडा इजिप्तचा नाही.